मसाला विसरलासा?

ग्रीसमधल्या घरांत ग्रीक बर्गर होत नाही. तिथे होते ती बिफ्तेकी. खिम्याची जाड टिक्की निखाऱ्यावर भाजायची आणि लिंबाची फोड, तळलेले बटाटे यांच्या संगतीत ताटात वाढायची. खिमाही बहुतेक वेळा गाईचा, नाहीतर गाय-डुक्कर मिश्र. या बापड्या टिक्कीत कोकराचं मांस घालायचं, तिला काकडीच्या दह्याचा लेप द्यायचा, वर फेटा चीज चुरायचं, गोल पावात दाबायचं आणि तिला 'ग्रीक पद्धतीचा लॅम्ब बर्गर' या नावाने मिरवायचं, हा उद्योग अमेरिका-ऑस्ट्रेलियातल्या हॉटेलवाल्यांचा. अर्थात गाडीवरच्या मंचुरियनवर वाढलेल्या माणसाने याला नाक मुरडू नये.

मी मेलबर्नला राहतो, ओकलीपासून जवळच. ओकली म्हणजे ग्रीकांचं गाव. ईटन मॉल नावाच्या गल्लीत सकाळपासून म्हातारे ग्रीक एका कॉफीवर दुपार काढतात आणि जगाचा कारभार कसा चालावा यावर मोठमोठ्याने मतं देतात. (आपले पेन्शनर कट्ट्यावर हेच करतात, पण कॉफीशिवाय.) ग्रीसबाहेर सर्वांत जास्त ग्रीक ज्या शहरांत राहतात त्यांत मेलबर्नचं नाव फार वर येतं. अशा ठिकाणी घरी ग्रीक बर्गर करायला घेणं म्हणजे सदाशिव पेठेत बसून मोदकाला नवं सारण सुचवण्यासारखं आहे. पण आमच्या घरात गोमांस येत नाही. त्यामुळे ऑस्ट्रेलियन बार्बेक्यूला गेलो की सगळे बर्गर हाणतात आणि माझ्या पानात मटाराची हिरवी चकती पडते. कोकराचं मांस मात्र इथे कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतं. तेव्हा म्हटलं, एकदा घरीच होऊन जाऊ दे. बायको म्हणाली, "कर. भांडी तूच घासायची." परवानगी मिळाली असं मी धरलं.

अडचण एकच होती. सासूबाई आलेल्या होत्या. त्या कोल्हापूरच्या. मटण दोन रंगांत येतं, तांबडा आणि पांढरा, यावर त्यांची श्रद्धा आहे. तिसऱ्या रंगाचं मटण म्हणजे शिजायचं राहिलेलं.

सकाळी मी बाजारातल्या खाटकाकडून खांद्याचं मांस समोर दळून घेतलं. बर्गरला खांदाच हवा. त्यात चरबी बेताची असते, साधारण पाचवा हिस्सा, आणि तेवढी नसली तर टिक्की भाजल्यावर पायपुसण्यासारखी कोरडी होते. घरी आल्यावर सासूबाईंनी पिशवीत डोकावून विचारलं, "बोकड हाय का?" मी म्हटलं, "कोकरू आहे, आई. वर्षाच्या आतलं." त्या काही बोलल्या नाहीत. एवढ्या कोवळ्या जिवाला मारलंत ते मारलंत, निदान नीट रस्सा तरी करा, असा भाव त्यांच्या तोंडावर होता.

मग मी परातीत एक किलो खिमा घेतला. किसलेला कांदा घट्ट पिळून टाकला. पुदिना, पार्सली, वाळलेला ओरेगॅनो, लिंबाची किसलेली साल, मिरपूड. संपलं. सासूबाई शेजारी उभ्या होत्या. त्यांनी परातीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि आवाज शक्य तितका मऊ करून म्हणाल्या, "जावईबापू, मसाला विसरलासा वाटतं."

ग्रीक स्वयंपाकात खरी अवघड गोष्ट कोणती, तर ही. साहित्य सगळं मिळतं, कृती पोरखेळ आहे, पण खिमा समोर असताना आलं-लसणाचं वाटण घालायचं नाही, हळद नाही, कांदा-लसूण मसाला तर नाहीच नाही, हे मराठी हाताला जमत नाही. हात आपोआप डब्याकडे जातो. मी डबा कपाटात वर ठेवला होता. जरा वेळाने तो ओट्यावर आला. मी परत वर ठेवला. पुन्हा ओट्यावर. कुणी काही बोलत नव्हतं. डबाच चालत येत होता म्हणायचं.

ओरेगॅनोची जुडी मात्र त्यांनी हातात घेतली, दोन पानं चुरली आणि वास घेतला. "हा तर ओवाच की!" यावर मी हसलो असतो, पण रसायनशास्त्र त्यांच्या बाजूचं आहे. ओव्याचा तो झणका थायमॉलचा, आणि ओरेगॅनोच्या तेलात कार्वाक्रॉल आणि थायमॉल ही सख्खी भावंडं असतात. ओकलीच्या दुकानात ग्रीक ओरेगॅनो, म्हणजे त्यांचं 'रिगानी', वाळलेल्या जुड्यांनीच विकतात. त्या दिवसापासून आमच्या घरात त्याला 'परदेशी ओवा' म्हणतात, आणि पोट बिघडलं की तो पाण्यात उकळला जातो.

आता मळण्याचा प्रश्न. बर्गरचे जे आधुनिक शास्त्री आहेत ते एकमुखाने सांगतात, की खिम्याला हात लावू नका. अलगद गोळा करा, हलकेच थापा, मीठ शेवटी, तव्यावर टाकताना. आधी मीठ घालून मळलं तर मांसातली प्रथिनं सुटून एकमेकांना चिकटतात आणि टिक्की सॉसेजसारखी रबरी होते. मी त्या मताचा. अगदी नवजात बाळाला धरावं तसा खिमा धरून मी अंगणात बार्बेक्यूपाशी आलो, आणि कुंपणापलीकडून आवाज आला, "पो पो पो! पेधी मू (म्हणजे माझ्या लेकरा), हे काय करतोस?"

या आमच्या शेजारच्या ग्रीक आजी. सगळी गल्ली त्यांना 'याया'च म्हणते. कालामाताजवळच्या खेड्यातून लग्न करून इथे आल्या, १९६० च्या दशकात. ऑस्ट्रेलिया आणि ग्रीस यांच्यात १९५२ साली करार झाला आणि पुढची कैक वर्षं जहाजं भरभरून ग्रीक इकडे उतरले. याया 'पात्रिस' नावाच्या जहाजातून आल्या. समुद्र लागून सबंध प्रवासभर त्यांनी काही खाल्लं नाही, आणि त्याचा वचपा त्या अजून दुसऱ्यांना खायला घालून काढतात. त्यांच्या अंगणात लिंबू, अंजीर, ऑलिव्ह आणि टोमॅटो. उरलेल्या जागेवर सिमेंट.

यायांनी फर्मान काढलं, की मळ. कणकेसारखा मळ. शिळा पाव पाण्यात भिजवून, पिळून घाल. मीठ आत्ताच घाल. कांदा पिळलास कशाला, पाण्यासकट घाल. मग तासभर फ्रिजमध्ये ठेव. मी त्यांना प्रथिनांबद्दल सांगू लागलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "ज्याने हे लिहिलं त्याला आजी नव्हती का?"

खरं सांगायचं तर दोघंही बरोबर आहेत. शास्त्रींचा बर्गर नुसत्या मांसाचा, तो भुसभुशीत हवा. यायांची बिफ्तेकी पाव घालून मळलेली. पाव रस धरून ठेवतो, म्हणून कितीही मळली तरी ती मऊ राहते. दोन वेगळी घराणी आहेत. घोटाळा होतो तो एका घराण्याची अस्ताई आणि दुसऱ्याचा अंतरा घेतला की. मी कुंपणाशी उभा राहून खालमानेने मळू लागलो, कारण शास्त्री अमेरिकेत होते आणि याया सहा फुटांवर.

त्यातच त्यांनी एक बॉम्ब टाकला. मी म्हटलं, "याया, बर्गर आणि बिफ्तेकीत फरक असतो." त्या म्हणाल्या, "मला सांगतोस? जन्मभर बर्गरच तळले मी." यायांच्या नवऱ्याचं खेडेगावात दुकान होतं. ऑस्ट्रेलियाच्या लहान-लहान गावांत ग्रीकांनी चालवलेले कॅफे ही एक मोठी परंपरा आहे. विसाव्या शतकात बहुतेक प्रत्येक गावाच्या हमरस्त्यावर एक ग्रीक कॅफे असायचाच, आणि त्यात ग्रीक असं काहीसुद्धा मिळायचं नाही. स्टेक आणि अंडी, मिल्कशेक, आइस्क्रीम, चिप्स. गिऱ्हाइकाला लसणाचा वास चालत नसे. यायांच्या दुकानातल्या बर्गरमध्ये डब्यातलं बीट, तळलेलं अंडं आणि मागितलं तर अननसाची चकती. हा अस्सल ऑस्ट्रेलियन बर्गर. दिवसभर गोऱ्यांना बीटवाले बर्गर आणि रात्री दुकानाचं दार लावल्यावर मागच्या खोलीत घरच्यांसाठी बिफ्तेकी. दोन्ही एकाच तव्यावर. "पण बिफ्तेकी पावात घालावी असं कधी वाटलं नाही?" मी विचारलं. यायांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी गुपचूप मळायला लागलो. घरातलं माणूस कुणी दुकानात मांडून ठेवतं का?

दरम्यान स्वयंपाकघरात दुसरी आघाडी उघडली होती. त्झात्झिकीसाठी, म्हणजे त्या काकडीच्या दह्यासाठी, मी आदल्या रात्री दही फडक्यात बांधून नळाला टांगलं होतं. हे मात्र सासूबाईंना मनापासून पटलं होतं. चक्का म्हटल्यावर माणसाने टांगायलाच हवा. सकाळी उठून पाहतो तर निम्मा चक्का वेलची आणि केशर घेऊन फ्रिजमध्ये गोड झालेला. उरलेल्यावर मी किसून, मीठ लावून, पिळलेली काकडी घातली. लसूण, ऑलिव्ह तेल, चमचाभर व्हिनेगर. "आता फोडणी," सासूबाई म्हणाल्या. कढल्यात तूप होतं. हिंगाची डबी उघडी होती. दाण्याचं कूटही कुठून तरी आलं होतं. त्झात्झिकी आणि खमंग काकडी यांच्यात त्या क्षणी एका हातभराचं अंतर होतं, आणि तो हात मी धरला. जावयाने सासूचा हात धरण्याचा हा प्रसंग आमच्या घराण्याच्या इतिहासात पहिलाच असावा.

चीजचं सांगायलाच हवं. कोल्हापुरात फेटा कुठे बांधतात हा विनोद सासूबाई ते चीज दिसलं की दर वेळी नव्याने करतात, म्हणून मी इथे करत नाही. पण फेट्यावरून युरोपात खरोखरच डोकी फुटायची वेळ आली होती. तो मेंढीच्या दुधाचा, फार तर त्यात तीस टक्क्यांपर्यंत शेळीचं. २००२ साली युरोपीय संघाने ठरवलं, की फेटा म्हणायचं ते फक्त ग्रीसच्या चीजला. डेन्मार्कवाले गाईच्या दुधाचं चीज त्याच नावाने परदेशी धाडत राहिले आणि २०२२ मध्ये युरोपच्या न्यायालयाने त्यांना दोषी ठरवलं. आमच्या ओकलीच्या दुकानात मात्र ग्रीक, डॅनिश, बल्गेरियन आणि ऑस्ट्रेलियन असे चार फेटे खारट पाण्यात मांडीला मांडी लावून बसलेले असतात. समोर उभं राहून डॅनिश मागून पाहा. दुकानदार देतो, पण मोड देताना डोळ्यात डोळे घालत नाही. मी ग्रीकच घेतला. यायांच्या सांगण्यावरून तो टिक्कीच्या पोटात भरला. वितळून धारा सुटत नाहीत त्याच्या, नुसता मऊ होऊन आत दबा धरून बसतो.

भाजणं सोपं. टिक्की पावापेक्षा जरा मोठी थापायची, मधोमध अंगठ्याने खळी पाडायची. आचेवर कडा आकसतात आणि मधला भाग फुगतो. खळी नसली तर बर्गर न होता चेंडू होतो. खिम्याच्या पोटातलं तापमान ७१ अंशांपर्यंत जायला हवं, म्हणून मी टोकदार थर्मामीटर टोचत होतो. सासूबाईंनी बोटाने दाबून पाहिलं आणि "झालं" म्हणाल्या. थर्मामीटरला ते मान्य व्हायला आणखी दोन मिनिटं लागली. आणि एक धोक्याची सूचना: कोकराची चरबी निवली की पटकन थिजते. टाळूला मेण चिकटल्यासारखं होतं. तेव्हा "सगळे आल्यावर बसू" हे सौजन्य या पदार्थाला चालत नाही. ज्याचं भाजून झालं त्याने तोंड उघडावं.

आम्ही अंगणातच बसलो. कुंपणातून यायाही आल्या, हातात स्वतःच्या झाडाची लिंबं घेऊन. मेलबर्नच्या हवेने तेवढ्यात ऊन, वारा आणि थोडा पाऊस असं सगळं दाखवून घेतलं. मी एकेकाच्या पुढ्यात बर्गर ठेवला: पाव, त्झात्झिकी, टोमॅटो, कांद्याच्या चकत्या, आणि मधे ती दिमाखदार टिक्की. यायांनी वरचा पाव उचलून बाजूला ठेवला. मग खालचा. टिक्की ताटात घेतली, लिंबू पिळलं आणि काट्याने खाऊ लागल्या. पाव त्यांनी चिमण्यांना टाकला. पोराने फ्रिजमधून डब्यातलं बीट आणलं, कारण शाळेच्या उपाहारगृहात बर्गर तसाच असतो. यायांनी त्याच्याकडे धंद्यातल्या माणसाने पाहावं तसं पाहिलं आणि दोन चकत्या नीट मांडून दिल्या. बायकोने फेटा काढून सॅलडवर ठेवला. सासूबाईंनी टिक्की ताटात कुस्करली, पर्समधून एक छोटी बाटली काढली आणि वर तांबडी पूड भुरभुरली. पर्समध्ये! यायांनी बोटाने इशारा केला. बाटली त्यांच्याकडे गेली. त्यांनी चिमूट घेतली, चाखली, "पो पो पो!" करत पाणी प्यायल्या आणि आणखी एक चिमूट घेतली.

दोन्ही हातांनी धरून, कोपर टेबलाला टेकवून, ग्रीक पद्धतीचा लॅम्ब बर्गर बर्गरसारखा खाणारा त्या अंगणात मी एकटाच होतो. मला तो फार आवडला. लिंबाच्या सालीने मांसाचा उग्रपणा मरतो, ओरेगॅनो मागून येतो, मग एकदम खारट फेटा दाताखाली लागतो, आणि गार दही सगळ्यांची समजूत काढतं. यात हळद घातली असती तर हे काहीच ऐकू आलं नसतं. हे मी सगळ्यांना समजावून सांगितलं. पोराने आणखी बीट मागितलं.

रात्री मी भांडी घासत होतो आणि आतल्या खोलीत सासूबाईंचा कोल्हापूरला बहिणीशी व्हिडिओ कॉल चालला होता. आवाज बाहेर स्वच्छ येत होता. बहिणीने विचारलं असावं, जावयानं आज काय केलंतं म्हणून.

"काय न्हाई गं," सासूबाई म्हणाल्या, "खिम्याच्या वड्या केलत्या. बिनमसाल्याच्या. आजाऱ्याला बऱ्या पडतील."