ऋणात राहू इच्छिणारे नाना

साहित्यप्रेमी मंडळांचे अध्यक्ष बदलतात, कार्यवाह बदलतात, खजिनदार तर कुणी हिशेब मागितला की बदलतात. आभार मानणारा माणूस मात्र बदलत नाही. तो तुमच्याही मंडळात आहे. व्याख्यान संपलंय, वक्त्यांनी कुणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने दोनदा घड्याळ पाहिलंय, मागच्या खोलीतून बटाटेवड्यांचा वास सभागृहात शिरलाय आणि नेमक्या त्याच वेळी खिशातून चार घड्यांचा कागद काढत जो माइककडे निघतो, तो. आमच्या डोंबिवलीच्या मंडळात त्यांना नाना म्हणतात.

नानांचं पहिलं वाक्य ठरलेलं: "कुठलाही कार्यक्रम एकट्यादुकट्याचा नसतो." दुसरंही ठरलेलं: "आभाराची औपचारिकता न पाळता मी सर्वांच्या ऋणात राहणं पसंत करतो." नवखा श्रोता इथे फसतो. औपचारिकता पाळणार नाहीत म्हणजे सुटलो, असं समजून तो पिशवी उचलतो. जुनेजाणते उलट खुर्चीत मागे सरकून बसतात, कारण नाना कुणाकुणाच्या ऋणात राहणार आहेत ती यादी आता सुरू व्हायची असते. वक्ते. वक्त्यांना रविवारी घराबाहेर सोडल्याबद्दल त्यांच्या सौभाग्यवती. माइकवाला, माइकवाल्याचा मदतनीस, हॉलचा पहारेकरी, कार्यक्रमभर दिवे गेले नाहीत म्हणून वीज कंपनी. एकदा पावसामुळे श्रोते फारच कमी आले, तेव्हा नानांनी न आलेल्यांचेही आभार मानले. त्यांच्यामुळे जादा खुर्च्या भाड्याने आणाव्या लागल्या नाहीत, हे त्यांनी आकडेवारीसह पटवून दिलं.

मंडळाचं वर्ष गुढीपाडव्याला सुरू होतं. नववर्ष स्वागतयात्रेची प्रथा 1999 साली डोंबिवलीतूनच सुरू झाली, हे कुठलाही डोंबिवलीकर परगावच्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगतो. मी इथे तेच केलं. त्या यात्रेत आम्ही ग्रंथदिंडी घेऊन चालतो. पालखीत ज्ञानेश्वरी, गाथा आणि आमच्या अध्यक्षांचा कवितासंग्रह. यात्रेत माइक नसतो, त्यामुळे पहिल्या वर्षी आम्ही निर्धास्त होतो. पण नानांना माइक लागतो हा आमचाच गैरसमज. कोपऱ्यावर एका गृहस्थांनी पन्ह्याचा पेला पुढे केला आणि नाना पालखीसकट थांबले. "कुठलाही कार्यक्रम," नानांनी सुरुवात केली, "एकट्यादुकट्याचा नसतो." मागून येणारं लेझीम पथक एकाच जागी बराच वेळ खेळलं. लोकांना वाटलं, खास सादरीकरण आहे. टाळ्याही पडल्या. त्या टाळ्यांबद्दल नानांनी पथकाच्या वतीने लोकांचे आभार मानले.

मग एप्रिलमध्ये जागतिक ग्रंथदिनाला पुस्तकांची देवघेव होते. त्यात जो तो घरातलं नको असलेलं पुस्तक आणतो आणि दुसऱ्याला नको असलेलं घेऊन जातो. मे महिन्यात मंडळ अर्धं कोकणात आणि अर्धं मुलांकडे अमेरिकेत असतं. खरी रंगत येते ती आषाढाच्या पहिल्या दिवशी, कालिदास दिनाला. चिंतामणराव देशमुखांपासून बोरकर, कुसुमाग्रज, शान्ता शेळके यांच्यापर्यंत किती मातब्बरांना मेघदूत मराठीत आणावंसं वाटलं, यावर दरवर्षी व्याख्यान होतं. एका वर्षी रुळांवर पाणी साचून वक्ते कुर्ल्यालाच अडकले. मेघाच्याच कृपेने कार्यक्रम बुडाला, असं म्हणून आम्ही थेट वड्यांकडे वळणार, एवढ्यात नाना उठले. वक्त्यांनी येण्याची मनापासून इच्छा बाळगली, त्या इच्छेच्या ऋणात नाना राहिले. पुढच्या वर्षी वक्ते आले. त्या दिवशी नानांनी कुबेराचे आभार मानले. त्याने यक्षाला वर्षभरासाठी घरापासून दूर धाडलं नसतं तर ना मेघ निरोप घेऊन निघाला असता, ना आपण आज इथे जमलो असतो. वक्ते संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक होते. कुबेराच्या बाजूने बोलणारा माणूस त्यांना एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच भेटला असावा. जाताना त्यांनी नानांचा फोन नंबर घेतला.

एव्हाना कार्यकारिणीने नानांवर उपाय शोधायला सुरुवात केली होती. कार्यवाह म्हणाले, "नाना, यंदा तुम्ही प्रास्ताविक करा. मानाचं काम आहे." नाना मोठ्या मनाने तयार झाले. प्रास्ताविकाला उभे राहिले आणि म्हणाले, "शेवटी वेळ मिळत नाही, अशी काही जणांची तक्रार असते. म्हणून आभार सुरुवातीलाच." मग जे घडायचंच होतं त्याबद्दलही सर्वांचे आगाऊ आभार मानून झाले: होणाऱ्या व्याख्यानाचे, मिळणाऱ्या प्रतिसादाचे आणि व्याख्यानानंतर कुणी लांबलचक प्रश्न विचारणार नाही त्या समंजसपणाचे. शेवटचे आभार वाया गेले.

कोजागिरीला गच्चीवर कविसंमेलन असतं. त्याबद्दल एवढंच सांगतो की दुधावर साय धरेपर्यंत चंद्राचे आभार चालू होते.

नानांच्या आभारांना धारही असते, हे मात्र दिवाळी अंकांच्या योजनेत कळलं. का. र. मित्रांनी 1909 साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी माणूस दिवाळीत अंक वाचतो, आणि शक्यतो दुसऱ्याने विकत घेतलेला. मंडळ वर्गणी काढून अंक घेतं आणि सभासदांत फिरवतं. ते परत येत नाहीत. सूचना लावून झाल्या, दंड लावून झाला. शेवटी नानांनी 8 नोव्हेंबरच्या पु.ल. जयंतीच्या कार्यक्रमात वेळेवर अंक परत करणाऱ्यांचे एकेकाचं नाव घेऊन आभार मानले. बस, एवढंच केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला एक काकू सहा अंकांसह नानांच्या दारात उभ्या होत्या. "माझं नाव पुढच्या वेळी येईल ना हो, नाना?" खजिनदारांना वर्षभर जे जमलं नव्हतं, ते आभारांनी एका रात्रीत केलं.

जानेवारीत सहल. यंदा आम्ही पाचगणीजवळच्या भिलारला, म्हणजे पुस्तकांच्या गावाला गेलो. 4 मे 2017 रोजी हा उपक्रम सुरू झाला तेव्हा गावातल्या पंचवीस ठिकाणी, बरीचशी लोकांच्या राहत्या घरांतच, विषयवार पुस्तकं मांडली गेली. कुठे कादंबऱ्या, कुठे कविता, कुठे संतसाहित्य. कल्पना अशी की वाचकाने घरात शिरावं, बसावं, वाचावं. आमच्या मंडळाने पहिल्या घरात शिरून पुस्तकांबरोबर फोटो काढले आणि स्ट्रॉबेरी कुठे स्वस्त मिळते त्याची चौकशी केली. (मी दोन किलो घेतल्या. वरच्या थरापुरत्या चांगल्या होत्या.) आणि नाना? ते एकेका घरात जात होते. "आपण स्वतःची बैठकीची खोली वाचकांना दिलीत, आपल्या ऋणात..." एवढं ऐकून घरातली माणसं चहा टाकत होती. चहा झाला की चहाचे आभार. त्यावर ती माणसं आग्रहाने भाकरी वाढत होती. बस सुटायची वेळ झाली तेव्हा नाना सहाव्या घरात होते, आणि तिथली आजी त्यांना सुनेची तब्येत सांगत होती. पुस्तक त्यांनीही एकच चाळलं असेल. पण गावातल्या माणसांची नावं परतीच्या बसमध्ये फक्त त्यांनाच सांगता येत होती.

हे मला त्या दिवशी नुसतं खटकलं. त्याचा अर्थ नंतर लागला. मंडळाचे एक जुने सभासद वारले. शोकसभा झाली. शोकसभेत आभार मानायचे नसतात, त्यामुळे नाना दोन मिनिटांची शांतता संपल्यावरही हात कुठे ठेवावेत ते न समजून खुर्चीत नुसते बसून होते. आठवड्याने त्या सभासदांच्या पत्नी नानांकडे आल्या. मीही तिथेच होतो, वर्गणीच्या पावत्या न्यायला. बाई म्हणाल्या, "मंडळात ह्यांचं कधी भाषण झालं नाही. कधी कुठल्या फोटोतही नाहीत. पण तीस वर्षं दर रविवारी जात होते. करत काय होते हो तिथे?" नानांनी कपाटातून वह्या काढल्या. प्रत्येक कार्यक्रमाचा आभाराचा कागद त्या वह्यांत डकवलेला होता. नाना पान काढून देत होते आणि बाई वाचत होत्या: सतरंज्या स्वतःच्या स्कूटरवरून आणल्याबद्दल. वक्त्यांना स्टेशनावर सोडल्याबद्दल. पाऊस आत येऊ नये म्हणून खिडकीशी उभे राहिल्याबद्दल.

त्या कार्यक्रमांत वक्ते काय बोलले ते आमच्यापैकी कुणालाही आठवत नाही. मंडळाच्या अहवालात अध्यक्षांचे फोटो आहेत. खिडकीशी कोण उभं होतं ते फक्त नानांकडे आहे. म्हणून त्यांचं आभारप्रदर्शन सुसह्य होतं असं नाही. पंचवीस मिनिटं ती पंचवीसच.

मग यंदाचा 27 फेब्रुवारी आला. 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात दर्जा जाहीर झाल्यापासून मराठी भाषा गौरव दिनाला प्रायोजक मिळू लागले आहेत. आम्हाला एक बांधकाम व्यावसायिक मिळाले. त्यांच्या सगळ्या इमारतींची नावं इंग्रजी; मराठीवरचं प्रेम मात्र नितांत. त्यांनी निवेदिकाही स्वतःचीच आणली. तिने "आज कुसुमाग्रज सरांचा बर्थडे" असं म्हणून कार्यक्रमाचा ताबा घेतला, आणि शेवटी म्हणाली, "सो, आभाराचा भार न वाढवता आपण थेट अल्पोपहाराकडे वळूया!" पडद्यावर कंपनीचं बोधचिन्ह झळकलं. नाना कागद हातात घेऊन दुसऱ्या रांगेत अर्धवट उठले होते. ते पुन्हा बसले.

आयुष्यात पहिल्यांदा आम्हाला वडे गरम मिळाले. खाल्लेही. पण लोक वाटेत रेंगाळत होते, एकमेकांना "झालं का?" विचारत होते. माइकवाला वायर गुंडाळता गुंडाळता दोनदा व्यासपीठाकडे बघून गेला.

महिन्याभरात वार्षिक सर्वसाधारण सभा झाली. जमाखर्च मंजूर, अहवाल मंजूर. शेवटचा विषय म्हणजे अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय. नाना उठले.

"फेब्रुवारीच्या कार्यक्रमाचे आभार थकले आहेत."

अध्यक्ष म्हणाले, "नाना, ठरावच करून टाकू. ज्ञात-अज्ञात सर्वांचे आभार. एकमताने मंजूर."

"ठरावात नावं कुठे येतात?" नाना म्हणाले आणि कागदाची घडी उलगडली. "कुठलाही कार्यक्रम..."

मी सवयीने मागे सरकून बसलो. लिफ्ट बंद असताना दीडशे वडे तीन मजले चढवून आणणारा हॉटेलातला पोरगा झाला. माइकवाला झाला. यादी संपत आली तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, "नाना, फुलवाला राहिला!" नाना थबकले. तीस वर्षांत त्यांना असं कुणी अडवलं नव्हतं. लगेच दुसरीकडून आवाज आला, "आणि जिन्यात रांगोळी काढणाऱ्या त्या दोन मुली?" सहा अंकवाल्या काकू म्हणाल्या, "आणि बुटांवर लक्ष ठेवणारे ते आजोबा!" तोपर्यंत आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं की बुटांवर कुणी लक्ष ठेवतं.

"थांबा, थांबा, लिहून घेतो," नाना म्हणाले. "सावकाश. पूर्ण नाव सांगा."

माझी नऊ बाराची ठाणा गाडी सुटली होती. खजिनदारांनी चहावाल्याला फोन लावून अर्ध्या तासाने यायला सांगितलं. कागदावरून मान वर न करता नानांनी विचारलं, "त्याचं नाव काय हो?"