दाजी आणि लांब मिशांचा भुंगेरा

सप्टेंबरात कासच्या पठारावर साऱ्यांची तोंडं सेल्फीकडं आणि पाठ फुलांकडं असते. त्या गर्दीत सोनकीच्या एकाच फुलावर पाव तास ओणवा झालेला गृहस्थ दिसला, तर तो सांगलीचा दाजी समजावा. हे एका माणसाचं नाव नव्हे, जात आहे. बँकेतून नाहीतर शाळेतून निवृत्त, खिशात भिंग, बायको दहा पावलं पुढं आणि रागात.

दाजींना फूल नको असतं, फुलावर बसलेला लांब मिशांचा भुंगेरा हवा असतो. या घराण्याच्या जगात ३५ हजारांवर जाती आहेत, हे ते पेढे घेणाऱ्या अनोळखी माणसालाही सांगतात. अळीपणी लाकूड पोखरायचं आणि म्हातारपणी थोडे दिवस फुलांवर पराग खात हिंडायचं, हा क्रम त्यांना मनापासून पटतो. "आम्हीही नोकरीभर फायलीच पोखरल्या की!" भुंगेरा चिमटीत आला की छातीचे भाग एकमेकांवर घासून कुईकुई करतो. तो आवाज ऐकवायला दाजी तो बायकोच्या कानाशी नेतात. "अहो, त्याचं ओरडणं बरं ऐकू येतं तुम्हाला!" एवढ्यात पठार राखणाऱ्या समितीच्या माणसाची शिट्टी वाजते आणि भुंगेरा सुटतो.

नुसत्या फोटोवरून जात ठरवणं अवघड. नमुना मारून, सुईवर लावून जाणकाराला दाखवावा लागतो. त्यासाठी पुण्याजवळ आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं केंद्रही आहे. पण कासवर तशी मुभा नाही, आणि असती तरी दाजींना मुंगी मारवत नाही. त्यामुळे त्यांच्या प्रत्येक फोटोखाली एकच शब्द असतो: बहुधा.

खरी पंचाईत तासगावला. मेव्हण्याच्या द्राक्षबागेत याच घराण्याचा खोडकिडा आहे. अळी खोडात शिरते, भुसा बाहेर पडतो, झाड वाळतं.

"दाजी, तुमच्या पावण्यांनी दोन झाडं खाल्ली."

"अरे, तो वेगळा! फुलावरचा गरीब असतो, वाळक्या लाकडात वाढतो."

"आडनाव एकच हाय न्हवं?"

यावर दाजींकडं उत्तर नसतं. पण पावसाळ्यात मेव्हण्याचाच फोन येतो. "एक घावलाय, डबीत ठिवलाय. सांजच्याला मारणार हाय. बघायचा आसंल तर आत्ताच निघा."

दाजी ताट सरकवून एसटी स्टँडकडं धावतात. मागून आवाज येतो, "येताना बेदाणे आणा! डबी तिथंच ठेवा!"