क्लीनर साइडचं दुखणं

जुनी गाडी बघायला आलेला प्रत्येक जण विचारतो, "ब्रेक लागतो ना?" लागलेला ब्रेक सुटतो का, हे विचारणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

आमच्या गाडीचं नाव सांगत नाही. म्हातारपणी कोणाचं दुखणं चारचौघांत नावानिशी सांगू नये. पुढच्या दोन चाकांना डिस्क ब्रेक, मागच्या दोघांना ड्रम, एवढी ओळख पुरे. ती घेऊन आम्ही जळगावहून धुळ्याला लग्नाला निघालो. मे महिन्यात खानदेशातला माणूस दुपारी उंबरा ओलांडत नाही. फक्त लग्नासाठी ओलांडतो, आणि मुहूर्त मात्र आवर्जून साडेबाराचा काढतो.

बांभोरीला गिरणेचा पूल ओलांडेपर्यंत सगळं ठीक होतं. पाळधी गेलं, एरंडोल गेलं. पारोळ्याच्या पुढं स्टिअरिंगवरचा हात जरा सैल केला की गाडी डावीकडे जाऊ लागली. ॲक्सिलरेटर दाबावा तर वेग वाढेना. मग वास आला. या वासावर गाडीत एकमत होईना. सौ. म्हणाली, क्लच जळतोय. मागे बसलेल्या मावशीला पापड करपल्याचा वास येत होता. शालकाने पुढच्या ट्रककडे बोट दाखवून "त्याचा आहे" असा निकाल दिला. आम्ही ट्रकला लांब जाऊ दिलं. वास आमच्याबरोबर राहिला.

ब्रेक चिकटल्याची पुस्तकी परीक्षा सोपी आहे. थोडं चालवा, थांबा, चारही चाकांजवळ हात न्या. जे जास्त तापलं असेल तिथं रोग. हे पुस्तक थंड हवेच्या देशात लिहिलेलं असावं. ४५ अंशांच्या उन्हात आमच्या सीटबेल्टची कडी, गिअरचा दांडा, दाराची मूठ आणि मावशीचा स्टीलचा डबा, सगळ्यांनाच चिकटलेल्या ब्रेकचा आजार जडला होता. शालकाने चारही चाकांजवळ हात नेला आणि चारही जाम असल्याचं जाहीर केलं.

रस्त्याकडेच्या ढाब्यावर निंबाच्या सावलीत गाडी लावली, ताक मागवलं, आणि ताक संपेपर्यंत गाडी बरी झाली! ब्रेकचा गंजलेला पिस्टन तापला की अडतो, निवला की थोडा ढिला पडतो. दवाखान्याच्या पायरीवर ताप उतरावा, तसला प्रकार. पुढं दहा मिनिटांत ताप परत चढला. थांबत, निववत, हळूहळू सरकत राहिलो.

धुळं म्हणजे १८१८ नंतर इंग्रज अधिकारी कॅप्टन ब्रिग्जच्या काळात सरळ रेषेत आखलेल्या रस्त्यांचं गाव. तिथं आम्ही डावीकडे ओढत शिरलो. मिस्त्री शोधावा लागला नाही. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर असे दोन मोठे रस्ते इथं एकमेकांना छेदतात; ट्रक तिथं बिघाड, आणि बिघाड तिथं मिस्त्री.

या मिस्त्रीने आमची चारही निदानं शांतपणे ऐकली आणि एकही मानलं नाही. म्हणाला, पुढच्या वळणापर्यंत जाऊन या, पण ब्रेकला पाय लावू नका, गाडी आपसूक थांबू द्या. गाडी आपसूक फारच लवकर थांबली. मग त्याने चाकांवर पाण्याचे दोन-दोन थेंब टाकले. तीन चाकांवरचे मुकाट वाळले. पुढच्या डाव्यावर चुर्र झालं.

"ब्रेक जाम व्हई गया, भाऊ," तो म्हणाला. पण लगेच नवा पार्ट आणायला सांगितलं नाही, आणि इथं मला त्याच्याबद्दल आदर वाटू लागला. जॅक लावून त्याने चाक फिरवून पाहिलं. दोन्ही हातांनीही हलेना. मग पान्याने ब्रेकची हवा काढायचं निप्पल ढिलं केलं. ब्रेकचा रबरी होजपाइप जुना झाला की आतून सुजतो. पायाच्या जोराने ऑइल पुढं जातं, पण परतीची वाट बंद. तसं असेल तर निप्पल उघडताच दाब निघतो, चाक सुटतं, आणि पॅड दाबणारा कॅलिपर निर्दोष ठरतो. आमच्या निप्पलातून काळपट ऑइल आलं, चाक जागच्या जागी. गुन्हेगार कॅलिपरच होता.

उघडल्यावर धूळ अडवणारं रबर फाटलेलं, आतला पॅड लोखंडापर्यंत घासलेला, बाहेरचा निम्मा शिल्लक, आणि पिस्टनवर गंजाचे खड्डे. पिस्टन मागं घेणारी स्प्रिंग कुठाय, असं मी विचारलं. स्प्रिंग नसतेच! पिस्टनभोवती एक रबरी कडं असतं. ब्रेक दाबला की ते किंचित पिळतं, सोडला की पीळ उलगडतो आणि पिस्टनला केसभर मागं ओढतं. गाडी थांबवायला एवढा लोखंडी लवाजमा, आणि सोडवायला एक रबराचं कडं. हे मला आधी माहीत असतं तर मी पायीच आलो असतो.

पॉलिश पेपरने घासून नवं किट टाका, असा काटकसरीचा सल्ला शालकाने दिला. मिस्त्री म्हणाला, खड्ड्यांवर नवं रबर टिकायचं नाही. कॅलिपर अख्खा बदला, पॅड दोन्ही बाजूंचे. गॅरेजातल्या पोराची मोटारसायकल घेऊन शालक आग्रा रोडला गेला. दुकानदाराने विचारलं, ड्रायव्हर साइड की क्लीनर साइड? शालक मनातल्या मनात गाडीकडे तोंड करून उभा राहिला, डावा हात वर केला आणि म्हणाला, ड्रायव्हर साइड. आलेला कॅलिपर बसतोय असं वाटत होतं, फक्त निप्पल खालच्या अंगाला येत होतं. "हवा वर जास ना भाऊ, निप्पल खाले कसाले?" मिस्त्री म्हणाला. शालक पुन्हा उन्हात.

योग्य कॅलिपर बसला, तांब्याचे वॉशर नवे पडले. ऑइलही सगळं बदललं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा पितं. नवं असताना २०५ अंशांपर्यंत न उकळणारं डॉट ३ पाणी मुरल्यावर १४० लाही उकळू शकतं. मग पाय पडतो तो वाफेवर.

राहिली हवा काढणं. गॅरेजात गादीची जागा एकच, ड्रायव्हरची, आणि तिथं मावशी बसलेली. त्यामुळे पॅडल तिच्याकडे गेलं. "दाबा मावशी. धरा. आता सोडा." मावशीने दाबलं, धरलं, आणि सोडेना. "आधी हवा गेली का ते सांग." मिस्त्री खूश झाला. निप्पल बंद होण्याआधीच लोक पाय उचलतात आणि हवा परत आत ओढली जाते. असा पाय त्याला क्वचितच मिळे. मावशीने आजवर कुठलीच गोष्ट पहिल्या सांगण्यात सोडलेली नाही. त्याचा कोणाला उपयोग होताना मी प्रथमच पाहिला.

लग्न लागून गेलं होतं. पंगत चालू होती, वरण-बट्टी होती, त्यामुळे आमचं फारसं नुकसान झालं नाही.

जुना कॅलिपर मिस्त्री भंगारात टाकत होता, तो मावशीने मागून घेतला, पुसला आणि कागदात गुंडाळला. गच्चीवर पापड-कुरडया वाळत घातल्या की वाऱ्याने चादर उडते. कोपऱ्यावर ठेवायला असं वजन मिळत नाही म्हणाली. चादरीला कोपरे चार, तेव्हा उजव्या बाजूचा आणि मागचे दोन कधी काढतोस, हेही विचारून घेतलं. मागच्या चाकांना कॅलिपर नसतात मावशी, ड्रम असतात, मी म्हटलं.

"मग ड्रम दे," मावशी म्हणाली.