तीन मिलिमीटरचं नाव

नगरमध्ये, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमध्ये, नाव मोठं करून घेणं फार सोपं आहे. फ्लेक्सवाल्याकडे फोटो आणि पैसे द्यायचे, की संध्याकाळपर्यंत आपण चौकात वीस फुटी होतो. शिवाय ‘भावी’ही होतो. पंचाईत होते ती नाव लहान करायचं म्हटल्यावर. “दादा, अक्षर तीन मिलिमीटरचं हवंय,” म्हटलं की तो आधी आपल्याकडे बघतो आणि मग आपल्यासोबत घरचं कुणी आलंय का ते बघतो. “वाचणार कोण?” असं विचारतो. प्रश्न रास्तच आहे.

म्हणून रणगाड्यांची मॉडेलं करणाऱ्यांना छपाईही घरीच करावी लागते. नगरच्या माणसाला हा नाद लागला तर नवल नाही. १९९४ पासून इथे रणगाड्यांचं संग्रहालय आहे. मटिल्डा, व्हॅलेंटाईन, चर्चिल आणि १९६५च्या युद्धात हाती लागलेला पॅटन असे सगळे तिथे निवांत उभे असतात. त्यांना १:३५ प्रमाणात टेबलावर आणलं, की दहा सेंटिमीटरचं अक्षर तीन मिलिमीटरलाही जरा कमीच भरतं. १:७२ मध्ये ते दीड मिलिमीटरच्या आत जातं.

मग एवढ्याशा अक्षरापायी जीव का काढायचा? कारण नंबर आणि नाव नसेल, तर तो ‘एक रणगाडा’ असतो. ‘जेएक्स २०२’ आणि ‘फामागुस्ता’ एवढं लिहिलं, की तो सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचा सेंच्युरियन होतो. पुण्यात जन्मलेले खेत्रपाल १९७१चं युद्ध पेटलं तेव्हा नगरलाच प्रशिक्षण घेत होते. प्रशिक्षण अर्धवट सोडून ते पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटबरोबर आघाडीवर गेले. १६ डिसेंबरला बसंतरच्या लढाईत पेटलेला रणगाडा सोडायला त्यांनी नकार दिला. वय २१. मरणोत्तर परमवीरचक्र. तो रणगाडा आज नगरच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जपलेला आहे. फामागुस्ता हे खरं तर सायप्रसमधलं बंदर, पण इथे ते नाव घेतल्यावर समुद्र कुणालाच आठवत नाही.

असं नाव फिसकटलेलं चालत नाही. फोटोतून उचललेलं अक्षर लहान केलं की कडा दातेरी होतात, म्हणून ते व्हेक्टरमध्ये नव्यानं आखायचं. एवढं करून घरचा प्रिंटर अडतो तो पांढऱ्या रंगाशी. त्याच्याकडे ती शाईच नसते. पांढरं म्हणजे कोरा कागद, अशी त्याची ठाम समजूत. लष्करी हिरव्यावरची अक्षरं मात्र बहुधा पांढरीच. पारदर्शक डिकॅल पेपरवर, म्हणजे पाण्यात भिजवल्यावर छापलेली फिल्म सुटते अशा कागदावर, ती छापली, तर हाती निव्वळ पारदर्शकता येते. यावर तोड अशी, की पांढरा डिकॅल पेपर घ्यायचा आणि अक्षरांभोवतीचा हिरवा छापायचा. म्हणजे नाव सोडून बाकी सगळं छापायचं. न छापलेलं उरतं ते नाव. आता तो हिरवा मॉडेलच्या हिरव्याशी जुळला पाहिजे आणि हिरव्या रंगाला किती छटा असतात, हे तेव्हा कळतं.

इंकजेटची शाई पाण्यात विरघळते, म्हणून वर पारदर्शक लॅकरचे पातळ हात द्यायचे. पुढचं काम च्युइंगगमच्या वेष्टणातल्या टॅटूसारखं, फक्त श्वास रोखून करायचं. तुकडा कोमट पाण्यात बुडवायचा, फिल्म सुटली की ओल्या ब्रशनं जागेवर सरकवायची. खालचा पृष्ठभाग आधी चकचकीत वॉर्निशनं गुळगुळीत केलेला हवा. नाहीतर फिल्मखाली हवा अडकते आणि चंदेरी चकाकते. फिल्म खाचेत बसत नसेल तर व्हिनेगर लावतात. ते स्वयंपाकघरातून कुणी नेलं, यावर घरात स्वतंत्र चौकशी होते.

शेवटी मॅट वॉर्निशचा हात बसला, की फिल्मची कडा दिसेनाशी होते. मग पाहुणे मॉडेल डोळ्यांजवळ नेऊन म्हणतात, “काय रंगवलंय हो!” त्यांना अजिबात दुरुस्त करू नये. ज्या दिवशी ते “स्टिकर छान चिकटवलंय” म्हणतील, त्या दिवशी नवा कागद काढावा.