चेअरमनसाहेबांचा फोटो कुठं गेला?

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात पतसंस्थेच्या वेबसाइटचं उद्घाटन वार्षिक सभेतच व्हायचं, असा अलिखित नियम आहे. नारळ फुटतो, चेअरमनसाहेब माऊस दाबतात, पडद्यावर संचालक मंडळ उमटतं. सगळे संचालक हसतमुख. फक्त चेअरमनसाहेबांच्या जागी फाटक्या कागदाचं इवलंसं चित्र. त्या क्षणी व्हाइस चेअरमनना जे समाधान लाभतं, ते ठेवींच्या वाढीनंही कधी लाभलेलं नसतं.

मग वेबसाइटवाल्या पोराला पुढं ओढतात. बेळगाव असो की निपाणी, त्याचं उत्तर एकच : "काका, माझ्या कम्प्युटरवर दिसालंय की!"

पोरगं खोटं बोलत नाही. त्यानं पानाला फोटोचा पत्ताच असा दिलाय : डी ड्राइव्ह, न्यू फोल्डर, न्यू फोल्डर २, चेअरमन फायनल. हा डी ड्राइव्ह त्याच्या टेबलाखाली आहे. सभासदाच्या मोबाइलला तो कुठून असणार? पाकिटावर 'आमच्या परसातल्या फणसाच्या डाव्या अंगाला' असं लिहून ते पोस्टात टाकावं, त्यातला प्रकार. फोटो पानासोबत सर्व्हरवर चढवायचा आणि पत्ता पान जिथं आहे तिथून मोजून द्यायचा, एवढंच काम असतं. याला रिलेटिव्ह पाथ म्हणतात. पतसंस्थेत रिलेटिव्ह म्हटलं की नोकरभरतीच आठवते, तो भाग निराळा.

पत्ता सुधारला तरी फोटो रुसलेलाच. कारण कॅमेऱ्यानं फायलीला कॅपिटल जेपीजीची शेपटी लावलेली, पोरानं पानात लिहिली स्मॉल. विंडोज असल्या गोष्टींकडं काणाडोळा करतं. सर्व्हर बहुधा लिनक्सवर चालतो आणि लिनक्सच्या लेखी त्या दोन वेगळ्या फायली. शिवाय फायलीच्या नावात मोकळी जागा सोडली की पत्त्यात तिथं टक्क्याची खूण आणि वीसचा आकडा येऊन बसतो. सभासदांना तो नवा व्याजदर वाटतो.

हा झाला पोरासोरांचा घोळ. थोरामोठ्यांचा राजपत्रात छापून येतो. १ नोव्हेंबर २०१४ रोजी कर्नाटकानं बारा शहरांची नावं बदलली, त्यात बेलगामचं बेळगावी झालं. मराठी माणसाला काय वाटलं ते त्यानं मोर्चे काढून सांगितलं. फायलींना कोण विचारणार? उत्साहाच्या भरात फोल्डरचंही नाव बदललं, की जुन्या नावाच्या भरवशावर असलेले फोटो, अर्ज, पीडीएफ एका दमात ४०४, म्हणजे बेपत्ता. शहाणपणा दाखवला रेल्वेनं. स्टेशनवरची पाटी बदलली, कोड मात्र बीजीएमच ठेवला. बेळगावच्या सांबरा विमानतळाचा आयएक्सजीही हलला नाही. माणसांनी पाटीवरून खुशाल भांडावं, तिकीट निघतं.

नाव बदलायचंच असेल तर सर्व्हरला तसं सांगून ठेवता येतं : ३०१ म्हणजे कायमचं हललं, ३०२ म्हणजे तात्पुरतं. सीमाभागाला हे आकडे नव्यानं शिकवायला नकोत. १ नोव्हेंबर १९५६ ला हा मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. कर्नाटक म्हणतं ३०१, महाराष्ट्र म्हणतो ३०२. महाजन आयोगानं १९६७ मध्ये निपाणी महाराष्ट्राला, बेळगाव कर्नाटकाला अशी वाटणी सुचवली, ती महाराष्ट्राला पटली नाही. २००४ साली दावा सर्वोच्च न्यायालयात गेला. पान अजून लोड होतंय.

पत्त्यांचा घोळ बघायचा तर निपाणीला खेटून असलेल्या अर्जुननगरच्या देवचंद कॉलेजचं उदाहरण घ्या. तालुका कागल, जिल्हा कोल्हापूर, विद्यापीठ शिवाजी. पिनकोड मात्र कर्नाटकातल्या निपाणीचा, ५९१२३७. पिनवरून राज्य आपोआप भरणाऱ्या एखाद्या फॉर्मपुढं हा पत्ता टाकून मजा बघावी. पोस्टमनचं मात्र कधी अडत नाही.

तुटक्या लिंकांचं खापर एकट्या सीमाभागावर फोडायचं कारण नाही. २०१३ मध्ये वेबवर असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी सापडत नव्हती, असं अमेरिकेच्या प्यू संस्थेनं २०२४ मध्ये मोजून सांगितलं. म्हणजे साहेबाच्या देशातही कुणीतरी 'माझ्याकडं दिसालंय की' म्हणतच असणार.

इलाज तसा फुकटचा आहे. एफ १२ दाबावं, नेटवर्कच्या रकान्यात लाल झालेली ओळ वाचावी. सर्व्हरकडं नेमकी कुठली फाइल मागितली होती, ते तिथं अक्षर न् अक्षर लिहिलेलं असतं. पण वाचण्यापेक्षा नवा फोटो मागणं सोपं. म्हणून चेअरमनसाहेब पुन्हा स्टुडिओत जातात, या खेपेला फेटा बांधून. नवा फोटो येतो, 'चेअरमन फायनल फायनल' या नावानं, डी ड्राइव्हवर जातो आणि पडद्यावर फाटका कागद तसाच. शेवटी धाकटा क्लार्क फोटो सर्व्हरवर चढवतो, पत्ता सुधारतो, ती शेपटी स्मॉल करतो आणि साहेब फेट्यासकट प्रकट होतात. टाळ्या पडतात.

त्याच पानावर खाली ताळेबंदाच्या पीडीएफची लिंक असते. तीही उघडत नाही. तिच्याबद्दल मात्र संचालक मंडळातून एकही तक्रार येत नाही.