सहभागी सर

शाळेतले सर डबा घेऊन येतात, संस्थेतले सर चार्टपेपर घेऊन. गावाला एवढी खूण पुरते.

आमचे सहभागी सर खादीच्या कुडत्यात असतात. गाडी वेशीबाहेर थांबवून ते पायी येतात, गावाला परकं वाटू नये म्हणून. मग ड्रायव्हर तीच गाडी मागून मारुतीच्या पारापर्यंत आणतो, कारण बॅनर तिच्यात असतो.

बैठक ठेवलेली असते ऐन आवणीत, सकाळी अकराला. तिमाही अहवाल जुलैतच द्यायचा असतो, त्याला भात काय करणार? पारावर तीन म्हाताऱ्या, एक ताप आलेला गडी आणि पोरं. सर नोंदवतात : 'सर्व वयोगटांचा सहभाग.'

सरांचं वाचन दांडगं. विकासतज्ज्ञ रॉबर्ट चेंबर्स सांगतात की काठी गावाच्या हाती द्या. म्हणून रांगोळीचा नकाशा काढायला सर आजीच्या हाती काठी देतात. दुसरं टोक मात्र सोडत नाहीत. गडचिरोलीत बंग दांपत्याच्या 'सर्च' संस्थेनं आदिवासींना विचारून दवाखाना झोपड्यांचा बांधला, त्याला दंतेश्वरी देवीचं नाव दिलं, ही गोष्ट ते डोळे पाणावून सांगतात. गोष्ट खरीच आहे आणि सांगतातही झकास. चाळीस मिनिटं. विचारायला उरतात पाच.

त्या पाच मिनिटांत चिंचोके वाटले जातात. जमिनीवर तीन वर्तुळं : शिवणयंत्र, सोलर कंदील, परसबाग. "तुमची गरज तुम्हीच ठरवायची, ताई!" (तीन वर्तुळं कोणी ठरवली, हे विचारायचं नसतं. शिवणयंत्रं तर फेब्रुवारीतच मंजूर झालेली असतात.)

आजी उठली, तिन्ही वर्तुळं ओलांडून गेली आणि आपले पाचही चिंचोके कोऱ्या मातीत ठेवून आली. मागोमाग बाकीच्या दोघी.

"आजी, बाहेर नाही ठेवायचे."

"तिथं हापसा हाये आमचा. त्याचा वायसर गेलाय."

सरांनी वहीत पाहिलं. वायसरला रकाना नव्हता. असेलही 'इतर'मध्ये, पण 'इतर'ला निधी नव्हता. त्यांनी आवाज मऊ करून दीर्घकालीन परिवर्तन समजावलं. आजीनं तेवढ्यात पदरानं नाक पुसून घेतलं.

मग फोटोची वेळ झाली. सर उकिडवे बसले आणि पंधराही चिंचोके बोटानं हळूच शिवणयंत्रात सरकवले.

आजी बघत होती.

"सायेब," ती म्हणाली, "आमच्यात असं केलं का डाव जातो."