मधली सुट्टी मागून घ्या

नोकरी सोडणाऱ्याला कंपनी नव्वद दिवस धरून ठेवते आणि तिच्याच भरतीच्या जाहिरातीत ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं, ‘इमिजिएट जॉइनर हवा’. हिंजवडीपासून ऐरोलीपर्यंत हे राजरोस चालतं. निघायला तीन महिने, रुजू व्हायला तीन दिवस. शुक्रवारी संध्याकाळी जुना लॅपटॉप परत करायचा, सोमवारी सकाळी नवा ताब्यात घ्यायचा. वर्षानुवर्षांचा थकवा मधल्या शनिवार-रविवारी उतरवायचा. माझं म्हणणं सरळ आहे. ज्याला जमण्यासारखं आहे त्याने दोन नोकऱ्यांच्या मध्ये दीड-दोन महिने काढावेत, फिरून यावं आणि त्याबद्दल कुणापुढेही मान खाली घालू नये.

आधी रजेचा हिशोब मांडू. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार वर्षात २४० दिवस काम केलं, की दर २० दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा मिळते. ती साठते जास्तीत जास्त ४५ दिवस. केंद्र सरकारी नोकराची अर्जित रजा ३०० दिवसांपर्यंत साठते. आपल्याकडच्या कितीतरी आईवडिलांनी एलटीसीवर काश्मीर, कन्याकुमारी, अंदमान पाहिलं, ते अशा शिलकीच्या आणि कायम नोकरीच्या भरवशावर. त्यांची मुलं दर तीन-चार वर्षांनी कंपनी बदलतात. बदलली की उरलेल्या रजेचे पैसे हातात पडतात आणि नव्या ठिकाणी रजेचं खातं पुन्हा शून्यापासून. वर प्रोबेशन आहेच. अशा माणसाला ऐन तिशीत सलग महिनाभर मोकळा मिळायची जागा एकच उरते, दोन नोकऱ्यांमधली. तीसुद्धा भरून टाका म्हणणाऱ्याला त्या माणसाच्या तब्येतीची फिकीर नाही, एवढाच त्याचा अर्थ.

‘लाँग वीकेंडला जा की’ हे उत्तर मला नेहमी मिळतं. लाँग वीकेंडला सगळा महाराष्ट्र एकाच वेळी निघतो आणि बोरघाटात अडकतो. शिवाय काही ठिकाणं आठवड्याभराच्या रजेत बसतच नाहीत. लेह साधारण साडेतीन हजार मीटरवर आहे. विमानाने उतरलात तर पहिले दोन दिवस नुसतं पडून राहा, असं डॉक्टर सांगतात, कारण शरीराला विरळ हवेची सवय व्हायला तेवढा वेळ लागतोच. नऊ दिवसांची रजा काढलेला माणूस जाण्यायेण्याचे दोन दिवस वजा करतो आणि मग विश्रांतीचे दोन दिवस खाऊन टाकतो. तिसऱ्या दिवशी पँगाँगच्या वाटेवर त्याचं डोकं ठणकतं, उलट्या होतात, कुणी थेट इस्पितळात पोचतो. ही बेपर्वाई त्याची एकट्याची नाही. मोजून मिळालेल्या रजेने त्याला तिथे ढकललेलं असतं. मनालीकडून स्पितीत जायचं तर कुंझुम खिंड लागते, साडेचार हजार मीटरहून उंच. ती उन्हाळ्यात कधी मोकळी होणार, हे बर्फावर अवलंबून. महिनाभर आधी मंजूर करून घेतलेल्या तारखा त्या खिंडीला कोण कळवणार? हातात वेळ असलेला माणूस मनालीत चार दिवस थांबतो, रस्ता उघडला की निघतो.

नर्मदा परिक्रमेचं उदाहरण मराठी घरांना जवळचं आहे. नदी १,३१२ किलोमीटर लांब. दोन्ही काठ धरले तर २,६०० किलोमीटरच्या वर. रोज २५ किलोमीटर चाललं तरी शंभर दिवस होतात, आणि परंपरेने सांगितलेली मुदत तर ३ वर्षं, ३ महिने, १३ दिवसांची आहे. पायी परिक्रमेला निघालेल्या निवृत्त काकांचं आपण कौतुक करतो, हार घालतो, परतल्यावर त्यांच्याकडून अनुभव ऐकतो. तेच बत्तिसाव्या वर्षी कुणी निघाला, तर ‘याचं नोकरीत काही बिनसलं का?’ असा फोन मावशीला जातो. गुडघे शाबूत असताना चालणाऱ्याची काळजी, गुडघे कुरकुरायला लागल्यावर निघणाऱ्याचं कौतुक. हा न्याय मला मान्य नाही.

वारीही तशीच. आळंदीहून माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला निघते आणि आषाढी एकादशीच्या आत पंढरपुरात पोचते. जवळपास तीन आठवडे. वर्षानुवर्षं शेतकरी पेरणी उरकून वारीला निघत आला आहे. एक काम हातावेगळं झालं, पुढचं अजून उभं राहायचं आहे, मधले दिवस विठ्ठलाचे. कामात असा मोकळा तुकडा असायचाच, आणि ‘तुझ्या आयुष्यात तीन आठवड्यांची गॅप का?’ असं त्याला कुणी विचारत नव्हतं. त्याच्या नातवाला मात्र ऑफिसातून एक दिवस मिळतो. तो पुण्याहून दिवेघाट चढतो, सासवडला पालखीला हात जोडतो आणि रात्री गाडीने परततो. जेजुरी, लोणंद, फलटण, वाखरी ही नुसती नावं राहतात. चांदोबाच्या लिंबाचं रिंगण तो मोबाइलवर बघतो.

घरच्यांचा धाक ऑफिसच्या धाकाहून मोठा. ‘घरी बसलाय’ हे दोन शब्द लग्नाच्या बाजारात पसरायला एक दिवस पुरतो. मुलीच्या बाबतीत तर आणखी कठोर. बाळंतपणासाठी, सासूच्या आजारपणासाठी तिने वर्षभर नोकरी सोडली तर ते घराला समजतं, चालतं. तिने दोन महिने फक्त स्वतःच्या पायांनी हिंडायला घेतले, तर ते स्वैर वागणं ठरतं. आणि मुलाखतीत तिच्या दोन्ही गॅपकडे सारख्याच संशयाने पाहिलं जातं. ‘या महिन्यांत काय केलंत?’ या प्रश्नाला ‘प्रवास केला’ हे पूर्ण उत्तर आहे. त्याला ऑनलाइन कोर्सच्या सर्टिफिकेटचं ठिगळ लावायची गरज नाही.

एक फरक मात्र ठळकपणे करायला हवा. कंपनीने नारळ दिलेल्या माणसाला ‘बरं झालं, आता जरा फिरून ये’ म्हणणं क्रूर आहे. त्याला आधी नोकरी हवी. कंत्राटावर काम करणाऱ्याला, रोजंदारीवर जगणाऱ्याला तर हा लेखच लागू नाही, आणि ही या व्यवस्थेची लाज आहे. मी बोलतोय ते हातात नवं ऑफर लेटर असलेल्यांशी.

त्यांनी पाच गोष्टी सांभाळाव्यात. घराच्या कर्जाचे मधल्या काळातले हप्ते आणि दोन-तीन हप्ते जास्तीचे बाजूला ठेवल्याशिवाय तिकीट काढू नका. कंपनीचा आरोग्य विमा बहुतेक ठिकाणी शेवटच्या दिवशीच संपतो. स्वतःची पॉलिसी राजीनाम्याच्या आधी घ्या, कारण नव्या पॉलिसीत अपघात सोडून इतर आजारांना पहिले ३० दिवस संरक्षण नसतं. नेमके तेच तुमचे प्रवासाचे दिवस असू शकतात. आईवडील तुमच्या विम्यावर असतील तर हे आणखी तातडीचं. पीएफला हात लावू नका. यूएएन तोच राहतो, खात्यावर व्याज मिळत राहतं, पेन्शनसाठी लागणारी १० वर्षांची नोकरी दोन कंपन्या मिळून मोजली जाते. ग्रॅच्युइटीची ५ वर्षं भरायला थोडे दिवस उरले असतील तर ते भरा आणि मगच राजीनामा द्या. रिलीव्हिंग लेटर हातात आल्याशिवाय तर शहर सोडूच नका. स्पितीच्या खोऱ्यात बसून जुन्या एचआरला मेल लिहिण्यात सुट्टी जाते.

एचआर विभागात बसलेल्या वाचकांनाही एक विनंती. ज्या माणसासाठी तुम्ही त्याच्या नोटीसचे नव्वद दिवस थांबलात, त्याच्यासाठी आणखी चाळीस दिवस थांबलात तर प्रोजेक्ट बुडणार नाही. थकलेला माणूस सोमवारी आणून बसवलात तर तो वर्षभरात तुमच्याकडूनही निघून जाईल, आणि ती जागा भरायचा खर्च तुमच्याच बजेटमधून होईल.

आणि नोकरी बदलणाऱ्यांनो, पगाराचं बोलणं संपलं की त्याच बैठकीत तारखेचं बोला. त्या वेळी त्यांना तुम्ही हवे असता, नंतर तो जोर राहत नाही. सहा आठवडे मागा, चारवर तुटलं तरी घ्या, आणि रुजू व्हायची तारीख ऑफर लेटरवर लेखी आल्याशिवाय सही करू नका.